झालरवालीच्या पोटी साहेबी

माझ्या मावशीला किडे आवडत नाहीत. झुरळ दिसलं की ती खुर्चीवर चढते आणि काकांना हाक मारते. काका तोवर दुसऱ्या खुर्चीवर पोचलेले असतात. मग मला बोलावलं जातं. दोघंही कीटकशास्त्रातले डॉक्टर आहेत, दोघांचा उभा जन्म संग्रहालयाच्या कीटक विभागात गेलाय, आणि किड्याबद्दल त्यांची अट एवढीच आहे की तो मेलेला असावा, वाळलेला असावा आणि टाचणीवर असावा. शक्यतो त्याला मारणाराही आता हयात नसावा.

नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला आलो. आई म्हणाली होती, "मावशीकडे राहा, चार गोष्टी शिकशील." शिकलो. पहिली गोष्ट ही, की साखरेच्या डब्याशेजारचा डबा न विचारता उघडायचा नाही. त्यात डांबरगोळ्या असतात.

मावशीचा विषय पानकिडे. हा किडा हुबेहूब पानासारखा असतो. हिरवा, चपटा, मधोमध शीर, कडा जरा कुरतडल्यासारख्या. चालतानाही डुलत डुलत चालतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, वाऱ्यानं पान हललं. निसर्गानं एवढा जीव ओतून जो प्राणी कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून घडवला, त्याला हुडकून, टाचणी मारून, खाली नावाची चिठ्ठी लावायची, हा मावशीचा पेशा. नावं ठेवणं आमच्या घराण्यात सगळ्यांनाच जमतं. त्याचा पगार घेणारी मावशी एकटीच.

तिनं स्वतः मात्र जिवंत पानकिडा कधी पाहिलेला नव्हता. त्याचं तिला काही वाटायचं नाही. "तो दिसू नये म्हणूनच तर तसा झालाय," ती म्हणायची. "मी कशाला त्याचा पाणउतारा करू?"

किड्यांच्या नावांचा मामला आपल्यासारखाच असतो. एक नाव, एक आडनाव. नवी जात सापडली तर ते नुसतं नाव. घरात आणखी एक पोर आलं, आठवडाभर कौतुक, संपलं. पण सापडलेला किडा कुठल्याच घरात बसत नसेल, तर त्याच्यासाठी नवं आडनाव, म्हणजे नवा गटच काढावा लागतो. ते ज्याला जमलं तो अमर झाला. जगात ज्या मूठभर माणसांना पानकिड्यांशी घेणंदेणं आहे, त्यांच्यापुरता अमर. पण अमर तो अमर.

आमच्या घरात असे दोन अमर एकाच न्हाणीघरासाठी रोज सकाळी भांडायचे. काकांच्या नावावर एक गट होता आणि मावशीच्या नावावर एक.

हे कसं झालं ते सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा दोघं एकाच खोलीत, एकाच टेबलाशी, एकाच किड्यावर काम करायची. संसार सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात एका पानकिड्याच्या मिशीवरून दोघांचा अबोला झाला. मिशी जाड की बारीक, एवढाच मुद्दा होता. त्या वेळच्या संचालकांना सगळे 'मोठे साहेब' म्हणत. त्यांनी दोघांना बोलावलं आणि वाटणी करून दिली. पानकिडे गोळा करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे अंधारात पांढरी चादर टांगायची, पुढे दिवा ठेवायचा आणि जे उडत येईल ते धरायचं. दुसरी म्हणजे वादळ होऊन गेलं की झाडांखाली फिरायचं आणि जे वरून मरून पडलं असेल ते उचलायचं. साहेबांनी ठरवलं, दिव्याचे किडे डॉक्टरांचे, झाडाखालचे मॅडमचे.

"मला दिव्याचे का नाहीत?" मावशीनं विचारलं होतं.

"बाईमाणसानं अंधारात दिव्यापाशी उभं राहणं बरं दिसत नाही."

"कोणाला? किड्यांना?"

त्यानंतर मावशीला जी खोली मिळाली तिला खिडकी नव्हती. मधे भिंत घातली गेली. एकमेकांचे खण उघडायचे नाहीत, असं नवराबायकोनं आपसात ठरवून घेतलं, आणि लोकांना दागिने वाटून घेतल्यावर जी शांतता लाभते ती यांना किडे वाटून लाभली. विभागात दोघं एकमेकांना 'डॉक्टर' आणि 'मॅडम' म्हणत, घरी 'अहो' आणि 'अगं'. घरात मावशीच्या तोंडून 'डॉक्टर' आलं, तर मी जेवण उरकून बाहेर पडत असे.

काकांचा गट आधी निघाला. काका कामाला चपळ. म्हणजे काम चपळाईनं संपवायला. दिव्यावर आलेले पाच-सहा हडकुळे, पंखवाले, लांब मिशांचे पानकिडे त्यांनी घेतले, तीन पानं खरडली, एक चित्र जोडलं, आणि नव्या गटाला मोठ्या साहेबांच्या आडनावाचं लॅटिन करून टाकलं. साहेब खूश झाले. काकांना खिडकीवाली खोली होतीच, तिला पडदा मिळाला. घरात त्या गटाला आम्ही 'साहेबी' म्हणतो.

मावशीनं मात्र आपल्या गटावर, माझी शाळा सुरू होऊन नोकरी लागेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढा घालवला. तिचे किडे रुंद, जडशीळ, आखूड मिशांचे, उडता न येणारे. पायांवर पातळ, हिरवी झालर. प्रत्येक झालरीचं तिनं चित्र काढलं. छापून आलं तेव्हा ते पुस्तक दाराला अडकण म्हणून पुरेल एवढं जाड होतं. गटाचं नाव लॅटिनमध्ये काय ते असेल, अर्थ 'झालरवाली'. त्यात कोणा साहेबाचं आडनाव नव्हतं, कोणाचे उपकार नव्हते. आयुष्यात मावशीनं स्वतःचं म्हणून एवढंच कमावलं होतं, आणि ते तिला पुरेसं होतं.

आता यातली गंमत अशी. साहेबी होते ते सगळे नर. काकांनी शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'मादी अद्याप अज्ञात.' झालरवाल्या होत्या त्या सगळ्या माद्या. मावशीनंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'नर अद्याप अज्ञात.' भिंतीच्या एका बाजूला बायको शोधली जात होती आणि दुसऱ्या बाजूला नवरा. मधल्या भिंतीत दार होतं. त्यातून चहा जायचा.

हे दोघांच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. पण साहेबीच्या मागच्या पायाला एक ठसठशीत काटा होता, काकांनी चित्रात तो छान रंगवला होता, आणि पानकिड्यांच्या घरात असला काटा नर-मादी दोघांना असतो किंवा दोघांना नसतो. झालरवालीला तो नव्हता. प्रश्न मिटला. त्या काट्याच्या टोकावर दोन घराणी सुखानं नांदत होती.

मी तिथे राहायला लागलो त्या वर्षी नवे संचालक आले. यांना फलकांची भारी हौस. जिन्यावर 'जिना' असा फलक लावणारा माणूस. त्यांनी कीटकांचं नवं दालन काढायचं ठरवलं आणि दाराशी मोठ्ठा फलक रंगवायला टाकला: 'या संग्रहालयाने जगाला दिलेले दोन नवे गट.' दोन हा आकडा त्यांना फार आवडला होता. "एक म्हणजे योगायोग वाटतो, मॅडम," ते म्हणाले. "दोन म्हटलं की परंपरा."

त्याच सुमारास संग्रहालयाच्या बागेतल्या काचघराचे माळीबुवा बिस्किटांचा डबा घेऊन मावशीच्या खोलीत आले.

"मॅडम, हे पान बघा जरा. सकाळपासून तीन कुंड्या बदलल्यात त्यानं."

मावशीनं झाकण काढलं, किंचाळली आणि खुर्चीवर चढली. मग वरूनच तिनं चष्मा नीट केला. खुर्चीवरून उतरली ती वेगळीच बाई. "झालरवाली," ती म्हणाली. आवाज असा की माळीबुवांनी टोपी काढली.

आवाज ऐकून काका आले, डब्यात डोकावले, "हं. तुमचीय, मॅडम," म्हणाले आणि परत गेले. करार म्हणजे करार.

संग्रहालयात जिवंत किडा आणायला सक्त मनाई आहे. तो मेलेल्यांना खातो. त्यामुळे झालरवाली आमच्या घरी आली. स्वयंपाकघराबाहेरच्या गॅलरीत जुनं जाळीचं कपाट होतं, त्यातलं दूध-दही बेघर झालं आणि तिथे पाण्याच्या बाटलीत पेरूच्या फांद्या खोचल्या गेल्या. पेरू शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या दारातला. काकू रोज एक फांदी आणून द्यायच्या आणि तेवढ्या वेळात जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यायच्या.

"खाते तरी काय काय?"

"पानं."

"म्हणजे पान पानालाच खातं? आमच्या जावेसारखं आहे मग."

झालरवाली दिवसभर उलटी लटकून डुलायची आणि अधूनमधून टप्पकन एक अंडं टाकायची. अंडी दिसायला बियांसारखी. मावशी ती भातुकलीतल्यासारखी चमच्यानं उचलून ओल्या वाळूच्या ताटलीत मांडायची. तिला चिमटीत धरायला शिकली, तिच्याशी बोलायला लागली. "आज खाल्लं नाहीस गं नीट," हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते मला उद्देशून नव्हतं. एक दिवस झालरवाली आपसूक मेली. मावशीनं डोळे पुसले आणि टाचणी आणली.

अंडी फुटायला बरेच महिने गेले. पिल्लं निघाली ती काळपट लाल, मुंग्यांसारखी सैरावैरा धावणारी. पानं खाल्ली तशी हिरवी झाली, मंद झाली, शहाण्यासारखी लटकायला लागली. मावशी त्यांना 'पोरं' म्हणायची. पोरं वाढली, कात टाकत गेली, आणि मावशीच्या लक्षात आलं की काही छान रुंद होतायत आणि काही हडकतायत.

"यांना पुरत नाही वाटतं," ती म्हणाली आणि हडकुळ्यांना कोवळी पानं वेगळी देऊ लागली.

"मुलगे असणार," शिवणवाल्या काकू जाळीतून बघत म्हणाल्या. "आमचा पण असाच. खाल्लेलं अंगालाच लागत नाही."

मावशीचे डोळे चमकले. नर! झालरवालीचा नर, अद्याप अज्ञात, आपल्याच गॅलरीत! दिवस कधी एकदा सरतात असं तिला झालं. काका तेव्हा परदेशी गेलेले होते, तिथल्या एका संग्रहालयाचे खण तपासायला. फोनवर तिनं त्यांना यातलं चकार शब्दानं सांगितलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं तिला. बिचारी.

एका सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि एका हडकुळ्यानं शेवटची कात टाकली. कातेतून आधी मिशा निघाल्या; निघाल्या त्या निघतच राहिल्या. मग पंख उलगडले, काचेसारखे स्वच्छ. मावशी माझ्या कपात चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून माझ्या मांडीवर आला तरी ती ओतत होती.

"मावशी! चटका बसला!"

"साहेबी," ती म्हणाली.

"काय?"

"हा साहेबी आहे. झालरवालीच्या पोटी साहेबी आलाय."

दाराशी फांदी घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी समजूत घातली. "अहो, मुलगा बापावर गेला असेल. त्यात एवढं काय?"

"काकू, तो बापावर गेलाय, हेच दुखणं आहे."

दुखणं काय ते तिनं मला ओल्या फडक्यानं टेबल पुसता पुसता समजावलं. एकाच किड्याला दोन गटांची नावं मिळाली, तर जुनं नाव राहतं आणि नवं जातं. कोणी जास्त मेहनत केली, कोणाचं पुस्तक जाड, कोणाची चित्रं सुंदर, हे विचारायची सोय नाही. आधी कोणी छापलं, एवढंच. म्हणजे काकांची तीन पानं राहणार आणि मावशीची झालरवाली बाद. तिनं आयुष्यभर जपलेल्या माद्यांना यापुढे आडनाव लागणार ते मोठ्या साहेबांचं, ज्यांनी तिला दिव्यापाशी उभं राहू दिलं नाही त्यांचं. साहेबीच्या जाती वेगळ्या, त्यामुळे जातींची तिनं दिलेली नावं टिकतील. बदलेल ते आडनाव. स्वतःच्या लग्नात जे करायला मावशीनं ठाम नकार दिला होता, ते आता तिच्या किड्यांना करावं लागणार होतं.

मग एकदम ती थांबली. भिंग घेऊन गॅलरीत धावली. तिथून ओरडली, "काटा नाही! अरे, याच्या पायाला काटाच नाही! हा साहेबी नाहीच! हा माझा आहे!"

त्या हडकुळ्याला तिनं चहाच्या गाळणीखाली झाकलं आणि मला म्हणाली, "चल." मला कामावर जायचं होतं, हे मी सांगायच्या आत आम्ही रिक्षात होतो. गाळणी माझ्या मांडीवर, आणि मांडी अजून भाजलेली.

जिवंत किड्याची मनाई दाराशीच मोडली होती; विभागात पोचल्यावर मावशीनं संसारात पहिल्यांदा करारही मोडला. भिंतीतलं दार उघडून काकांच्या खोलीत गेली आणि साहेबीचा खण बाहेर ओढला. पहिल्या नमुन्यावर, ज्याच्यावरून अख्खा गट काढला होता त्याच्यावर, तिनं सूक्ष्मदर्शक लावला. मिशा, पंख, डोकं, जात निराळी असली तरी घराण्याच्या सगळ्या खुणा गाळणीखालच्याशी जुळत होत्या. फक्त काटा तेवढा वेगळा. ती पुटपुटत होती, "काटा वेगळा, काटा वेगळा," आणि हळूहळू पुटपुटणं बंद झालं.

"बघ," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी पाहिलं. काटेवाला पाय अंगाला जिथे जुळतो, तिथे एक चकचकीत पिवळट थेंब वाळलेला होता.

"काय आहे ते?"

"गोंद."

पाय त्या किड्याचा नव्हताच. शेजारच्या खणात काडीकिडे असतात. त्यांच्यापैकी कोणाचा तरी गळालेला पाय उचलून चिकटवलेला होता. बाकीच्या नमुन्यांचे मागचे पाय केव्हाच गळून गेले होते, पानकिड्यांचे गळतातच. म्हणजे जगातला काटेवाला पानकिडा एकच, आणि तो आमच्या काकांनी घडवलेला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग काकांचाच गट खोटा ना? तो बाद!"

"तसं नसतं रे." मावशी खुर्चीवर बसली. या वेळी नेहमीसारखी चढली नाही, नुसती बसली. "नाव टाचणीवरच्या किड्याला लागलेलं असतं. त्याच्याबद्दल तुम्ही काय बरळलात त्याला नाही. पाय खोटा, पण अंग खरं. नाव त्याचंच राहणार."

आणि मग जे तिच्या लक्षात आलं ते माझ्याही आलं. हा थेंब आम्हा दोघांनीच पाहिला होता. तो तसाच राहू दिला तर काटा राहतो, काटा राहिला तर दोन्ही गट राहतात, आणि गाळणीखालचा गडी झालरवालीचा नवा, बिनकाट्याचा नवरा म्हणून वाजतगाजत छापता येतो. खोटं एक अक्षर लिहायचं नाही. फक्त गोंदाबद्दल बोलायचं नाही.

मावशीनं खण बंद केला.

पुढचे काही दिवस मावशी सगळ्यांशी इतकी गोड वागली की माझी झोप उडाली. तिनं संचालकांना आडून विचारून पाहिलं, समजा, दोनाचा एक गट झाला तर?

"मॅडम, फलक रंगवून झालाय," संचालक म्हणाले. "आणि दोनाचे तीन झाले तर मी समजू शकतो. दोनाचा एक म्हणजे आपण मागे चाललो असं दिसतं. तुम्ही असं करा, ते किडे वाढवणंच बंद करा. मेलेले होते तेव्हा काही त्रास होता का?"

एरवी या वाक्यावर मावशी आठवडाभर हसली असती. या वेळी ती घरी येऊन गॅलरीत बसून राहिली. जाळीत आणखी दोन साहेबी पंख वाळवत होते. मला वाटत होतं तिनं गप्प बसावं. तीन पानं खरडणाऱ्याला सगळं मिळावं आणि हिनं हात हलवत राहावं, हे मला पटत नव्हतं. तसं मी तिला म्हटलंही.

"मला तरी कुठे पटतंय?" ती म्हणाली.

काका परत आले. बॅग ठेवायच्या आधी ती त्यांना गॅलरीत घेऊन गेली. काकांनी जाळीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माणूस नापास झाल्यावर हसतो तसं हसले.

"अरे वा," ते म्हणाले. "बायको सापडली म्हणायची."

"डॉक्टर," मावशी म्हणाली. मी बाहेर पडायला उठलो. "तू बस," ती म्हणाली. "डॉक्टर, काटेवाला पाय कोणाचा?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पडला होता गं पाय. मोठे साहेब खोलीत येणार होते बघायला. खणात खाली एक पाय दिसला, मला वाटलं ह्याचाच असेल. चिकटवला. छान बसला. मग चित्रात काढला. मग छापून आला. नंतर एकदा शंका आली होती मला."

"आणि?"

"तोवर पडदा मिळाला होता."

काका खाली बघत म्हणाले, "राहू दे ना. कोण बघतंय? काटा आहे तिथे आहे. तुझी झालरवाली राहील, माझा साहेबी राहील. मी कोणाला सांगत नाही, हा सांगणार नाही. तुझी एवढी वर्षं..."

ते मनापासून बोलत होते, हे मी शपथेवर सांगतो. स्वतःची अब्रू आणि बायकोचं सुख एकाच गोंदानं टिकत असेल तर कुठला नवरा नाही म्हणेल? मला तर वाटलं, मिटलं. मावशीचा चेहरा क्षणभर तसा झालाही होता.

"म्हणजे माझा गट तुमच्या गोंदावर उभा राहणार," ती म्हणाली.

"अगं, तसं नाही..."

"तसंच. आजवर तो माझा होता. आता तुम्ही तो मला ठेवू देताय. मोठ्या साहेबांनी मला झाडाखालचे दिले, तुम्ही मला झालरवाली देताय. नकोय मला. माझं मोडायचंच असेल तर मी मोडेन, तुम्ही हात लावू नका."

मग तिनं जे लिहिलं ते आमच्या घरात इतिहासजमा झालं आहे. एकदा मोडायचं ठरल्यावर मावशी जी सुटली ती थांबेना. पहिल्याच परिच्छेदात तिनं स्वतःची झालरवाली एका वाक्यात बाद केली. ते वाक्य लिहायला तिला रविवार पुरला नाही. पुढची सगळी पानं काकांच्या साहेबीवर होती. नावाला धक्का न लावता तिनं त्या गटाचं हाडन्‌हाड सुटं केलं. मिशांचं माप चुकलेलं. पंखाच्या शिरा मोजताना एक सुटलेली. डोक्याचं चित्र बहुधा उलटं धरून काढलेलं. नर, मादी, पिल्लू, अंडं, सगळ्यांचं नवं वर्णन, सगळ्यांची नवी चित्रं, झालरींसकट. आणि शेवटी, स्वतंत्र मथळा देऊन, गोंद.

काकांनी ते जेवणाच्या टेबलावर वाचलं. वाचता वाचता त्यांचा घास हातातच राहिला.

"'डॉक्टरांच्या हस्तकौशल्याबद्दल आदर राखून', हे लिहायलाच हवं होतं?"

"आदर काढून टाकू?"

"गोंदाचं मला घरात बोलली असतीस तरी चाललं असतं."

"घरात बोललेलं छापत नाहीत."

काकांनी थोडा विचार केला. "मग लेखक म्हणून माझंही नाव घाल. गट माझा आहे शेवटी."

"म्हणूनच नको. तुमचं नाव आधीच पुरेसं आलंय त्यात," मावशी म्हणाली आणि त्यांना भात वाढला. भरपूर वाढला. ते लक्षात घेण्यासारखं होतं.

लेख छापून आला. त्या मूठभर माणसांत बरीच खळबळ माजली असं कळतं. त्यांच्यातल्या दोघांनी तर पत्रं पाठवली. संचालक हताश झाले, पण फलकवाला माणूस फलकातूनच मार्ग काढतो. दालनाच्या दाराशी आता लिहिलंय: 'या संग्रहालयाने दोनदा शोधलेला नवा गट.' लोक थांबून वाचतात आणि मान डोलावतात.

राहता राहिला खणांचा प्रश्न. गट एक, तर खणही एकत्र हवेत. काकांनी सहज सुचवलं, नाव त्यांच्या गटाचं राहिलंय तेव्हा मावशीचे खण त्यांच्या खोलीत यावेत. शिवाय तिथे उजेड आहे.

"आडनाव तुमचं लागलं," मावशी म्हणाली. "नांदायला ते इकडेच येतील."

ज्या दिवशी खण हलवले त्या दिवशी मी त्यांचा डबा पोचवायला गेलो होतो. मावशीनं बिस्किटाच्या डब्यातून आलेली ती पहिली झालरवाली समोर ठेवली होती. खालची जुनी चिठ्ठी काढली आणि कोऱ्या चिठ्ठीवर मोठ्या साहेबांचं लॅटिन आडनाव लिहायला घेतलं. हात मधेच थांबला, नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग तिनं ते आडनाव पूर्ण केलं, पुढे स्वतः दिलेलं नाव लिहिलं. शेजारी गाळणीखालचा तो नर टोचला. दोघं पहिल्यांदाच एका पेटीत होती आणि दोघांनाही त्याचं सुखदुःख नव्हतं.

काका भिंतीतल्या दारातून साहेबीचे खण एकेक करून आणत होते. धापा टाकत होते. शेवटचा खण ठेवून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खण, पेट्या, सूक्ष्मदर्शक, मावशी आणि एकच खुर्ची.

"आणि मॅडम, मी कुठे बसायचं?"

मावशीनं भिंगातून डोळा काढला नाही.

"उभे राहा की. पाय तरी स्वतःचेच आहेत ना?"